जागी झाले, ते मोजा

मला झोपवणारी डॉक्टर माझ्याच हाताखाली गाडी शिकली होती, आणि तीही तीनदा नापास होऊन. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती हातात कागद घेऊन माझ्या खाटेशी आली, तेव्हा मी आधी तिच्याकडे पाहिलं आणि मग छताकडे.

"बाई, तुम्ही?" ती म्हणाली.

"मीच. आणि तू मला झोपवणार?"

समोरून ट्रक आला की ही पोरगी डोळे मिटायची. स्टिअरिंग हातात, पाय क्लचवर आणि डोळे गच्च बंद. आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तिचं नावच डोळेमिटी पडलं होतं. आता ती भूलतज्ज्ञ झाली होती, म्हणजे लोकांचे डोळे मिटायचा रीतसर परवाना तिला मिळाला होता. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

मी आयुष्यभर लोकांना गाडी शिकवली. आधी नवऱ्याबरोबर, तो गेल्यावर एकटीने. शिकवणाऱ्याच्या बाजूला क्लच असतो, ब्रेक असतो, पण ॲक्सिलरेटर नसतो. म्हणजे गाडी थांबवणं आपल्या हातात, पुढे नेणं मात्र शिकणाऱ्याच्या. या धंद्यात माणसाला एकच सवय लागते, रस्त्यावरची नजर काढायची नाही. आणि आता माझ्या हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबल्या होत्या आणि मला सांगत होते, डोळे मिटा, बाकीचं आम्ही बघतो. मला मरणाची भीती वाटत नव्हती असं मी म्हणणार नाही. पण त्याहून जास्त भीती त्या 'बाकीचं आम्ही बघतो'ची वाटत होती.

डोळेमिटी खुर्ची ओढून बसली आणि तिने मला तिचा अभ्यास समजावून सांगितला. समजावून मात्र छान सांगायची, गाडी चालवण्यापेक्षा कितीतरी बरं.

"बाई, हृदयाच्या ऑपरेशनला भूल द्यायच्या दोन पद्धती आहेत. जुन्या पद्धतीतली औषधं जड. ऑपरेशन संपलं तरी माणूस बराच वेळ गुंगीत राहतो. तोवर घशात नळी आणि श्वास मशीनचा. नव्या पद्धतीतलं औषध थांबवलं की पटकन उतरतं. माणूस लवकर उठला की नळी लवकर निघते, छाती लवकर मोकळी होते, तो लवकर हिंडायला लागतो. निदान असं आम्हाला वाटतं. ते खरं आहे का, हे बघायचंय. म्हणून निम्म्या लोकांना हे औषध, निम्म्यांना ते. कुणाला कोणतं, ते बंद पाकीट ठरवतं. पेशंटला सांगत नाही, आयसीयूतल्या सिस्टरनाही सांगत नाही."

"तुला तरी ठाऊक असतं ना? का तूही डोळे मिटून देतेस?"

"मला ठाऊक असतं, देणारी मीच. पण नळी कधी काढायची हे माझ्या हातात नाही. तो आयसीयूचा प्रांत."

"बरं. मग काय दिसतंय?"

तिचा चेहरा पडला. नापास झाल्यावर पडायचा तसाच. "काहीच नाही. दोन्हीकडे सारखंच. नव्या औषधाची माणसंसुद्धा दुसऱ्या दिवशी सकाळीच उठतात. मोठे डॉक्टर म्हणतात, पुरे झालं, बंद करा. या आठवड्यात त्यांची बैठक आहे."

मोठे डॉक्टर म्हणजे माझी छाती उघडणारे. पांढऱ्या मिशा, हळू आवाज, आणि ते वॉर्डात आले की सगळे सरळ उभे राहायचे, सलाइनचे स्टँडसुद्धा.

माझी लेक शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "आई, सही करू नकोस. तू काय प्रयोगाचं माकड आहेस?"

"माकड असेन तर माझ्या मर्जीनं आहे," मी म्हणाले. पण सही केली नाही. आधी डोळेमिटीला माझ्या नवऱ्याची गोष्ट सांगितली.

त्याचंही असंच ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्या गावी, पुष्कळ वर्षांपूर्वी. हृदय बरं झालं. पण घरी आला तो माणूस अर्धा आला. झोपेत हात झाडायचा, उशी फेकायचा. बऱ्याच दिवसांनी एकदा गाडी धूत असताना त्याने मला सांगितलं, की मी तिथे जागा होतो. मला सगळं ऐकू येत होतं. नळीमुळे बोलता येत नव्हतं म्हणून मी हात हलवायचो, आणि हात हलवला की ते मला पुन्हा झोपवायचे. परत वर यायचो, परत बुडवायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. एवढं सांगितलं आणि तो पुन्हा टायर घासायला लागला. नंतर त्याने तो विषय कधी काढला नाही. मी मात्र ते विसरले नाही.

"तर माझी एक अट," मी डोळेमिटीला म्हणाले. "मी जागी झाले की मला पुन्हा झोपवायचं नाही."

"आमच्याकडे तसं होत नाही, बाई. जो तयार नसतो, अस्वस्थ असतो, त्यालाच झोपवतात."

"माझ्या नवऱ्याच्या कागदांवरही हेच लिहिलं असणार. अस्वस्थ."

 मग आम्ही दोघींनी खूण ठरवली. उजवा हात वर, पंजा उघडा. याचा अर्थ मी जागी आहे आणि मला समजतंय. सही करून मी कागद तिच्या हातात दिला. लेकीने तोंड फिरवलं. समोरच्या खाटेवर बेकरीवाले होते. धिप्पाड माणूस, पण घाबरला की गालांना खळ्या पडायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या टेबलावर त्यांचंही ऑपरेशन होतं. ते म्हणाले, "ताई, तुम्ही सही केलीत म्हणून मीही केली. आता काय ते आपलं दोघांचं."

"भ्यायचं नाही," मी म्हणाले. स्वतःलाच सांगत होते, पण ऐकायला बरं वाटलं.

सकाळी थंडगार खोलीत डोळेमिटी माझ्या डोक्याशी उभी राहिली. तोंडावर मास्क आला.

"खोल श्वास घ्या, बाई."

"ट्रक आला तरी डोळे उघडे ठेव," मी तिला म्हणाले. मास्कच्या आतून तिला किती ऐकू आलं कोण जाणे, पण तिचे डोळे हसले.

मग काही नाही. ऑपरेशनचं मला काहीच सांगता येणार नाही, आणि जे आपण पाहिलं नाही ते रंगवून सांगायची मला सवय नाही.

पहिल्यांदा जाग आली ती आवाजाने. मशीनचा सुस्कारा, कुठेतरी टिकटिक, आणि दोन सिस्टर सुट्टी कुणाला मिळणार यावरून हळू आवाजात भांडत होत्या. घशात लाकूड ठोकल्यासारखं वाटत होतं. छाती जड होती, पण दुखत नव्हती. मी कोण, कुठे, कशासाठी, सगळं एका क्षणात जागेवर आलं. मला इतका आनंद झाला की काय सांगू. मी उजवा हात वर केला, पंजा उघडा.

"अगं बाई, आजी हलायला लागल्या," एक सिस्टर म्हणाली आणि तिने माझा हात धरून खाली ठेवला.

मी परत वर केला. तिने परत खाली ठेवला. आमची काही वेळ अशीच ओढाताण झाली. मी मान हलवून नाही म्हणाले, डोळ्यांनी नळीकडे दाखवलं. तिने मऊ पट्टीने माझी दोन्ही मनगटं खाटेच्या कठड्याला बांधली. रागाने नव्हे हो, अगदी प्रेमाने, पाळण्यातलं मूल बांधावं तसं.

"नळीला हात लावायचा नाही, आजी. झोपा आता. मोठ्या डॉक्टरांचा राऊंड सकाळी असतो. ते आले की काढतील. तोवर शांत झोपा."

आणि तिने सुई लावली. मी ओरडत होते. आवाज कुठून निघणार? मुकी बिचारी कुणीही हाका. बुडता बुडता मला एवढं कळलं की डोळेमिटीचं घोडं नेमकं कुठे पेंड खातंय. ती बिचारी दोन औषधं तोलत बसली होती, आणि तिच्या तराजूत तिसरंच काहीतरी पडत होतं. कुणाचं औषध लवकर उतरो, कुणाचं उशिरा. इथे जागं व्हायची वेळ मोठ्या डॉक्टरांच्या राऊंडने ठरत होती. मग निकाल सारखा येईल नाही तर काय?

दुसऱ्यांदा जाग आली तेव्हा खिडकीत उतरतं ऊन होतं. या वेळी मी हलले नाही.

हे सोपं नव्हतं. मनगटं बांधलेली, घशात नळी, मशीन आपल्या तालावर हवा ढकलतंय आणि माझ्या फुप्फुसांना वेगळंच काही करायचंय. अंगातला प्रत्येक स्नायू म्हणत होता, झगड. पण गाडी घसरायला लागली की नवशिका ब्रेकवर उभा राहतो आणि गाडी आणखी घसरते. मी आयुष्यभर पोरांना सांगत आले, घाबरून ब्रेक मारू नका. आता स्वतःला सांगितलं. हललीस की सुई. पडून राहा. मशीनशी भांडू नको, त्याच्याबरोबर श्वास घे. मी डोळे बारीक ठेवले. सिस्टर आली, आकडे बघून गेली. मी मेल्यासारखी पडून होते आणि मनात तिला सगळ्या शिव्या देऊन झाल्या होत्या. राग होता म्हणून मी टिकले. नुसती भीती असती तर मी हात झाडलेच असते.

मी वाट पाहत होते भेटीच्या वेळेची. ती संध्याकाळी असते, लेकीने आदल्या दिवशी दहा वेळा विचारून घेतलं होतं.

लेक आली. हिरवा गाऊन, तोंडाला मास्क, डोळे रडून सुजलेले. माझ्या कपाळावर हात ठेवून ती पुटपुटली, "आई, अजून झोपलीयेस?"

सिस्टर पलीकडच्या खाटेशी होती. मी डोळे पूर्ण उघडले. लेक दचकली. हात तर बांधलेले. मग मी पायाने चादर सरकवली आणि डावा पाय खाली दाबला, सावकाश. मग उजवा पाय. मग डावा सोडत आणला, अर्ध्यावर थांबवला, आणि उजवा उचलून जरासा बाजूला नेला.

माझी लेक चालायच्या आधीपासून आमच्या गाडीत बसलीय. ती माझ्या पायांकडे बघत राहिली. "क्लच," ती हळूच म्हणाली. "ब्रेक. हाफ क्लच." मग मोठ्याने म्हणाली, "आई गाडी चालवतेय."

सिस्टर धावत आली. "अस्वस्थ झाल्यात. बाजूला व्हा ताई, मी झोपवते."

"अस्वस्थ नाही. ती चढावर गाडी उचलतेय."

"काय?"

"थांबा. सुई लावायची नाही." माझी मवाळ लेक, जी भाजीवाल्याशीही घासाघीस करत नाही, ती माझ्या हातातल्या सलाइनच्या सुईवर पंजा ठेवून उभी राहिली. "आधी भुलीच्या डॉक्टरांना बोलवा. त्या येईपर्यंत मी हात काढणार नाही."

डोळेमिटी आली ती टोपी तशीच डोक्यावर ठेवून. तिने लेकीचं ऐकलं, सिस्टरचं ऐकलं, आणि माझ्या पायांशी जाऊन उभी राहिली.

"बाई, क्लच."

मी डावा पाय दाबला.

"ब्रेक."

मी उजवा दाबला.

"चढ आहे, मागे गाडी आहे, उचला."

मी उचलली. आयुष्यात इतक्या काळजीने कधी उचलली नसेल.

डोळेमिटीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने माझ्या मनगटाच्या पट्ट्या सोडल्या आणि मी उजवा हात वर केला, पंजा उघडा. ती सिस्टरकडे वळली. "या आधीही जाग्या झाल्या होत्या?"

"दुपारी हात वर करत होत्या. नळी ओढतील म्हणून झोपवलं."

"पंजा उघडा होता?"

"असेल. डॉक्टर, आमच्याकडे सगळेच हात वर करतात."

 मी डोळेमिटीकडे बघत होते. तिच्या त्या अभ्यासातली सगळी माणसं तिच्या डोळ्यांसमोरून जात असणार, वर केलेले हात घेऊन. मला तिची दया आली आणि रागही आला. रस्त्यावरची नजर काढलीस ना पोरी, असं मला म्हणायचं होतं.

मग ती कामाला लागली. डोकं उचलायला लावलं, मी उचलून धरलं. हात दाबायला लावला, ती म्हणाली बास, बोटं मोडाल. छातीतून येणाऱ्या नळीतलं रक्त पाहिलं, थोडंच होतं. अंगाला हात लावून ऊब पाहिली. मशीनचा जोर कमी करून मला माझा श्वास घेऊ दिला आणि रक्त तपासायला पाठवलं. उत्तर चांगलं आलं.

"काढते," ती म्हणाली.

सिस्टर मध्ये उभी राहिली. "डॉक्टर, मोठ्या डॉक्टरांची सक्त सूचना आहे. त्यांच्यासमोरच. उद्या काही झालं तर तुम्ही खाली निघून जाल, अंगावर माझ्या येईल. मी काय दुष्ट म्हणून झोपवते का? आम्हाला तसंच शिकवलंय."

तिचंही खोटं नव्हतं.

"तुम्ही त्यांना फोन करा," डोळेमिटी म्हणाली.  "सांगा, मी ऐकत नाही म्हणून. पण ही नळी मी घातलीय, सिस्टर. तयार माणसाच्या घशात ती ठेवायचं कारण माझ्याकडे नाही. बाई, खोका."

मी खोकले. घशातून सगळं आयुष्य ओढून काढल्यासारखं वाटलं, आणि मग हवा आली. माझी हवा, माझ्या वेळेला. तिने ऑक्सिजनचा मास्क लावला, खाट डोक्याकडून उचलली.

"काही बोला, बाई."

"डोळे उघडे होते," मी म्हणाले. आवाज बेडकासारखा निघाला. लेक रडायला लागली, डोळेमिटीही. मला दोघींचाही राग आला, कारण मलाही रडू येत होतं आणि रडलं की छाती दुखत होती.

मोठे डॉक्टर खालच्या मजल्यावरच होते, लगेच आले. त्यांना ओरडायची गरज पडत नाही. त्यांनी माझे आकडे पाहिले, माझ्या छातीला स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ ऐकलं. मग डोळेमिटीला म्हणाले, "माझ्याशिवाय नळी काढायची नाही, हे तुला ठाऊक होतं."

"होतं सर."

"का ते ठाऊक आहे?"

 त्यांनीच सांगितलं, माझ्या खाटेच्या कठड्याकडे बघत. एक तरुण बाई होती. नळी संध्याकाळी काढली, ठीक होती, बोलत होती. मी घरी गेलो. जेवायला बसलो तेव्हा तिचा श्वास थांबला. लक्षात यायला उशीर झाला. "तेव्हापासून माझ्यासमोर. सकाळी. सगळे हजर असताना. त्यानंतर एकही गेला नाही."

मला त्यांचा राग यायचा राहिला. इतकी वर्षं हा माणूस त्या एका ताटावरून उठलाच नव्हता.

पण पुढे ते म्हणाले, "ही केस अभ्यासातून वगळा. नियम मोडून काढलेली नळी हिशेबात धरता येणार नाही. आणि परवा बैठकीत तो अभ्यासच बंद करू."

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी मास्क खाली ओढला.

"मला वगळायचं नाही."

"बोलू नका, त्रास होईल."

"होऊ दे. डॉक्टर, दुपारपासून मला कुणी बोलू दिलेलं नाही. सही मी केली, छाती माझी फाडली, जागी मी झाले. दोनदा झाले. ते मोजायचं. मी जागी झाले ते मोजा, तुम्ही कधी उठवलंत ते नको."

"तुम्हाला कल्पना नाही—"

"गाडी एकदा ठोकली म्हणून जन्मभर सगळ्यांच्या गाड्या गॅरेजमध्ये ठेवायच्या? त्या बाईवर कुणाची नजर नव्हती, म्हणून ती गेली. जागी होती म्हणून नाही गेली. नजर ठेवायची सोडून तुम्ही सगळ्यांचे डोळेच मिटून टाकलेत." मला धाप लागली. पण तोंड सुटलं होतं. "कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, डॉक्टर. माझा नवरा असाच पडला होता, सगळं ऐकत. तुमचा एकही गेला नाही म्हणता. तो घरी आला तो अर्धा आला. तो कुठे धरलाय तुमच्या हिशेबात?"

 मोठ्या डॉक्टरांशी असं कुणी बोललं नसणार. मला वाटलं, आता लेकीला बाहेर काढतील आणि मला दुसऱ्या इस्पितळात पाठवतील, टाके तसेच ठेवून.

तेवढ्यात माझी नजर पलीकडे गेली. शेजारच्या खाटेवर बेकरीवाले होते. नळी घशात, मनगटं बांधलेली, डोळे मिटलेले. पण चादरीबाहेर आलेला त्यांचा तो भला मोठा पाय हलत होता. अंगठा वर, खाली. थांबला. परत वर, खाली. ते सगळं ऐकत होते. सिस्टर सवयीने ट्रेकडे वळली आणि तिने सुई उचलली.

"सिस्टर, थांबा," मी म्हणाले. "डॉक्टर, त्यांचा पाय बघा. तुमची सकाळ व्हायचीय अजून, त्यांची झालीय."

मोठे डॉक्टर वळले. कितीतरी वेळ त्या अंगठ्याकडे बघत राहिले. मग त्या खाटेजवळ गेले, वाकले आणि आपल्या हळू आवाजात म्हणाले, "ऐकू येतंय का? येत असेल तर पाय थांबवा."

पाय थांबला.

"आता हलवा."

पाय इतक्या जोरात हलला की खाट वाजली. बेकरीवाल्यांच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहत होतं.

मोठ्या डॉक्टरांनी हात पुढे केला आणि सिस्टरच्या हातातली सुई घेऊन ट्रेमध्ये ठेवली. "यांचंही रक्त तपासायला पाठवा," ते डोळेमिटीला म्हणाले. मग भिंतीजवळचं स्टूल ओढून दोन खाटांच्या मध्ये बसले. "माझ्यासमोरच काढायची. तो नियम आहे. मी इथे बसतो. बेकरीवाल्यांचं होईपर्यंत बसतो, आणि या बाईंवरही नजर ठेवतो. घरी फोन करून सांगा, जेवायला वाट बघू नका."

  माझ्यात आता भांडायचा दम उरला नव्हता, आणि खरं सांगायचं तर ते तिथे बसले म्हणून मला निर्धास्त झोप लागली. ती माझी झोप होती, मला हवी तेव्हा आलेली.

अभ्यास बंद झाला नाही. नियम बदलला: माणूस तयार झाला की नळी काढायची, आणि त्यानंतर कुणीतरी खाटेशी बसायचंच. डोळेमिटीने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मी पायावर उभी राहिले, मग गाडीत बसले. सुरुवातीला शिकणाऱ्याच्या जागेवर, लेकीच्या धाकात.

पुष्कळ दिवसांनी डोळेमिटी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आली. म्हणाली, गाडी मागे घेऊन लावायला अजून जमत नाही. अंगण वाकडं, दुसरं काय. तिला स्टिअरिंगवर बसवलं, मी माझ्या ब्रेकवर बसले.

"निकाल आला, बाई," आरशात बघत ती म्हणाली. "फरक आहे. नव्या औषधाची माणसं लवकर उठतात, लवकर चालतात, त्यांचं डोकंही लवकर साफ होतं. सर स्वतः सांगत होते बैठकीत."

माझा ऊर भरून आला. "बघ, मी म्हणत नव्हते? तुझं नवं औषध चांगलं आहे. मी काय उगीच त्या दुपारी टुणकन उठले?"

 गाडी मागे घेता घेता तिने थांबवली.

"बाई, आता सांगायला हरकत नाही. तुम्ही जुन्या औषधाच्या गटात होता. बेकरीवाले नव्या."

मी तिच्याकडे बघतच राहिले. "जड औषध होतं मला?"

"हो."

"आणि तरी मी दुपारीच उठले?"

"दोनदा उठलात."

"मग मी तर तुझा निकाल बिघडवला. मला मोजा म्हणून भांडले मी, आणि मी उलट्या बाजूला. वगळायचं होतंस ना मला. नव्याने सुरुवात केली होतीस, ठाऊक झालं असतं कुणाला?"

"मीही तेच म्हणाले होते. तुमची जुनी केस, नव्या हिशेबात कशाला?" ती म्हणाली. "सर म्हणाले, त्या दोघांची नोंद निराळी करा, पण करा. पहिल्या पानावर. त्या बाई जाग्या झाल्या होत्या, आणि आपण मोजलं नव्हतं."

मी समोरच्या काचेतून बाहेर बघत बसले. नवरा गाडी धुवायचा तो नळ तिथेच आहे. गळतो अजून.

"चल," मी म्हणाले, "घे मागे. आणि ट्रक येतोय, डोळे उघडे ठेव."